कॉर्डच्या आधी गळा

पियानो शिकायला लागून वर्ष झालं, दोन्ही हात जरा जुळायला लागले की स्वतःची चाल बांधावीशी वाटतेच. बांधा. ‘आधी पाच वर्षं नुसतं वाजव, मग बघू’ म्हणणारे सर मलाही भेटले होते. त्यांचं ऐकलं असतं तर आजही वहीत एक ओळ नसती.

फक्त एक, डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, धरून वर चाल शोधू नका. मी नेमकं तेच केलं. सी, जी, ए मायनर, एफ हे चक्र लावायचं, कीबोर्डचा रिदम सुरू करायचा आणि उजव्या हाताने चाचपडायचं. काहीही दाबा, छानच वाटतं! आठ महिन्यांत अकरा ‘गाणी’ झाली. एका रविवारी लाइट गेली आणि बहीण म्हणाली, मग गाऊनच दाखव. गायलो. ग ग ग रे, ग ग ग रे. बास, एवढंच होतं. गोडवा सगळा कॉर्डचा. ती वही अजून उघडवत नाही.

हे चक्र स्वरही खातं. समजा, पांढरी एकला, म्हणजे सीला, सा धरून यमन रागाच्या अंगाने काही सुचलं. त्यात तीव्र मध्यम हवा, म्हणजे काळी तीन. एफ मेजरमध्ये मात्र पांढरी चार, शुद्ध मध्यम, ठाण मांडून बसलेला. जी सेव्हन या कॉर्डमध्येही तोच. दोन्ही मध्यम एकदम वाजले की कानाला खुपतं. मग आपण काय करतो? कॉर्ड तसाच ठेवतो आणि चालीतला मध्यम मुकाट शुद्ध करून टाकतो. गेला यमन. एफच्या जागी डी मेजर लावून बघा: रे, तीव्र म, ध. एवढीशी गोष्ट कळायला मला दीड वर्ष लागलं.

आता मी शब्द आधी घेतो. अभंगाचा साचा सोपा, सहा-सहा-सहा-चार अक्षरं. ओळी स्वतःच्याच जुळवा, भिकार असल्या तरी चालतील. भांडी घासताना गुणगुणा, फोनवर रेकॉर्ड करा, मग एका बोटाने पट्ट्या शोधा. शेवटच्या चार अक्षरांनंतर जी जागा मोकळी राहते, ती कशी भरायची यात खरी गंमत आहे. कॉर्ड त्यानंतर.

आणि ८८ पट्ट्यांच्या पियानोसाठी पैसे साठेपर्यंत थांबू नका. माझा कीबोर्ड अजून तोच ६१ पट्ट्यांचा आहे. काल त्याच्यावर एक मुखडा जमला. अंतरा वरच्या सावर जाऊन अडलाय, खाली कसा उतरवायचा ते सुचत नाहीये.