झिंग्याचं पाणी पहाटे बघा

मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन भंडारा-गोंदियाकडे झिंग्याच्या कामाला येणारी पोरं आधी खाद्याचं विचारतात, मग अनुदानाचं. पाण्याचा विषय काढला की म्हणतात, "किट आहे ना सर, मोजून घेऊ." पाणी तपासायचं किट घ्याच. पण सकाळी अकराला बांधावर जाऊन एकदा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) बघायचा आणि वहीत ७.८ लिहून मोकळं व्हायचं, त्यातून काहीच कळत नाही.

उन्हात पाण्यातलं बारीक शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि ऑक्सिजन सोडतं, म्हणून पीएच चढत जातो. रात्री शेवाळही श्वासच घेतं, त्यामुळे सगळं उलट होतं. ऑक्सिजन सर्वांत कमी असतो उजाडायच्या जरा आधी आणि पीएच सर्वांत जास्त दुपारी तीन-चारच्या सुमारास. मोजायचं ते या दोन वेळांना. ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर, पीएच ७ ते ८.५, तापमान २६ ते ३१ अंश, हे आकडे तुम्हाला पाठ असतीलच.

दुपारच्या पीएचवर मी एवढा अडून बसतो तो अमोनियामुळे. किट दाखवतं तो एकूण अमोनिया, त्यातला मोजकाच भाग विषारी असतो. २८ अंशाला पीएच ७.५ असेल तर शंभरात जेमतेम दोन भाग विषारी, तोच पीएच ९ ला गेला की चाळीसच्या आसपास. किटमधला रंग सकाळी जो, तोच दुपारी. झिंग्याची अवस्था मात्र पार वेगळी.

आपल्याकडच्या बोड्या (शेतातली छोटी तळी) आणि मामा तलाव (जुने गावतलाव) पावसाच्या पाण्यावर भरतात. हे पाणी मऊ, त्यात क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरायची ताकद, कमी, म्हणून पीएच दिवसभर झोके खातो. शिवाय कात टाकल्यावर नवं कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं. कवच मऊ राहिलेल्या झिंग्याला बाकीचे सोडत नाहीत, फाडून खातात. त्यासाठी चुनखडीची भुकटी टाकावी. कळीचा चुना तळं कोरडं असताना ठीक, माल आत असताना नको, पीएच एकदम उसळतो.

श्रावणात चार दिवस आभाळ भरून राहिलं की पहाटे टॉर्च घेऊन काठाने एक चक्कर मारा. झिंगा एरवी तळाशी असतो आणि उजेड पडला की मागे सरकतो. पाण्याच्या कडेला, गवताच्या मुळाशी मिशा बाहेर काढून बसलेले दिसले आणि टॉर्च मारूनही हलले नाहीत, तर ऑक्सिजन संपत आलाय. मीटर आणायला धावू नका, आधी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) सुरू करा, त्या दिवसाचं खाद्य बंद ठेवा. लाइट नसेल तर डिझेल इंजिनने तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून पाडा. थेट बोअरचं सोडणार असाल तर तेही उंचावरूनच पाडा, कारण भूजलात ऑक्सिजन फार कमी असतो.

"साहेब, झिंगे काठाले आले जी," असा शेतकऱ्याचा पहाटेचा फोन आला तर तो माणूस कामाचा समजा. त्याला पीएच कळत नसेल, पण पाण्याचा रंग आणि वास त्याला तुमच्याआधी कळतो. रंगाचा हिशेब ठेवायला थाळीला काळा-पांढरा रंग देऊन ती दोरीने सोडा. ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक, त्याच्या बऱ्याच आधी झाली तर खत आणि खाद्याला हात आखडा.

शेजारच्या धानावर फवारणी कधी आहे, हे बांधावर जाऊन विचारा. झिंगा आणि कीड दोघंही संधिपाद, म्हणजे सांध्यांच्या पायांचे, एकाच कुळातले. किडीला मारणारं औषध मासा एखादवेळी सोसेल, झिंगा नाही. धुऱ्यावरचं पाणी आत येणार नाही अशी नाली आधी काढून घ्या. शेवाळ मारायला मोरचूद सुचवणारेही भेटतील. त्यातलं तांबं झिंग्याला विष आहे, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

शेवटचं, थंडी. गोंदियात पारा दहाच्या आसपास उतरतो आणि पाणी १४-१५ अंशांवर गेलं की झिंगा मरू लागतो. भाव चढेल म्हणून शेतकरी डिसेंबरात थांबायला बघतो. जाळं टाकायची तारीख त्याच्याशी जुलैतच, बीज सोडतानाच ठरवून घ्या.