गिट सर्व्हरवरचं शेल बंद करण्याआधी

गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. टीममधल्या सगळ्यांनी 'गिट' नावाच्या एकाच युजरवरून पुश-पुल (कोड चढवणं-उतरवणं) करायचं, ही स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवरची नेहमीची मांडणी. त्या युजरला पूर्ण बॅश, म्हणजे कमांड टाइप करून चालवायचं नेहमीचं शेल, मिळत असेल, तर पुशचा अधिकार असलेला प्रत्येक जण तिथे हवी ती कमांड चालवू शकतो, कुणाचीही रिपॉझिटरी (कोडचा साठा) पुसू शकतो. हे बंद व्हायलाच हवं. त्यासाठी बॅशच्या जागी गिट-शेल, म्हणजे फक्त गिटच्या कमांड चालू देणारं शेल, लावायला मिनिटभर पुरतं, वेळ द्यायचा तो आधीच्या तयारीला.

सुरुवात करा ती आज शेल कोण वापरतंय हे शोधण्यापासून. नुसतं विचारून भागत नाही, कारण जुन्या स्क्रिप्ट कुणाच्याच लक्षात नसतात. एसएसएचडीची (दुरून होणारी एसएसएच लॉगिन घेणाऱ्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामची) लॉगलेव्हल 'व्हर्बोस' करा आणि आठवडाभर लॉग जमू द्या. दर सेशनला 'स्टार्टिंग सेशन' अशी ओळ पडते आणि ते शेल होतं, कमांड होती की एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली पाठवायची सोय), हे त्यातच दिसतं. शेल आणि एसएफटीपी वापरणारे लगेच सापडतील. कमांडच्या ओळी मात्र नीट तपासा. कमांड कोणती होती हे लॉगमध्ये येत नाही, त्यामुळे पुश-पुलच्या गर्दीत आरसिंक या फाइल-कॉपीच्या साधनाचा बॅकअपही लपलेला असतो. रोज रात्री ठरलेल्या वेळी एकाच आयपीवरून कनेक्शन येत असेल, तर ते बहुधा बॅकअपचंच. गिट-शेल लागल्यावर आरसिंक चालणार नाही आणि नवी रिपॉझिटरी उघडणारी स्क्रिप्टही अडेल, म्हणून ही कामं आधीच वेगळ्या युजरवर हलवा.

मग ऑथोराइज्ड-कीज फाइल उघडा. कुणाच्या एसएसएच चावीनं या युजरवर लॉगिन करता येतं, त्याची ही यादी. एसएसएच-कीजेन या कमांडनं सगळ्या चाव्यांचे फिंगरप्रिंट (छोटे ओळख-कोड) काढून प्रत्येकापुढे माणसाचं नाव लिहा. नोकरी सोडून गेलेल्यांच्या चाव्या त्याच दिवशी काढा आणि जिचा मालक सापडत नाही, तीही ठेवू नका.

गिटची आवृत्ती पाहून घ्या. मे 2017 मध्ये गिट-शेलमधलाच एक दोष बंद झाला. मदतीचं पान पेजरमध्ये (मजकूर पानापानानं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडायचं आणि त्या पेजरमधून गिट-शेलच्या बंधनाबाहेर पडता यायचं. 2.13 किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर काळजी नाही.

गिट-शेलचा पूर्ण पाथ शोधून ईटीसी फोल्डरमधल्या 'शेल्स' फाइलमध्ये (मान्य शेलच्या यादीत) टाका आणि मगच युजरचं शेल बदला. पाथ चुकला तर एसएसएचडी त्या युजरला आतच घेत नाही आणि अख्ख्या टीमचं पुश थांबतं.

बरेच जण इथे थांबतात, आणि माझ्या मते खरा धोका इथेच राहतो. गिट-शेल फक्त कमांड अडवतं. पोर्ट फॉरवर्डिंगला, म्हणजे एसएसएच कनेक्शनमधून दुसऱ्या सेवेपर्यंत वाट काढण्याला, शेल लागतच नाही, त्यामुळे तीच चावी वापरून तुमच्या सर्व्हरमार्फत आतल्या डेटाबेसपर्यंत बोगदा टाकता येतो. ओपनएसएसएच 7.2 पासून, म्हणजे 2016 पासून, चावीच्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट' एवढा एक शब्द लिहिला की फॉरवर्डिंग आणि टर्मिनल दोन्ही बंद होतात. नवी चावी जोडताना हा शब्द कुणीतरी विसरणारच, म्हणून एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये गिट युजरसाठी 'मॅच' ब्लॉक (फक्त त्याच युजरला लागू होणारा भाग) करून 'डिसेबल-फॉरवर्डिंग यस' आणि 'परमिट-टीटीवाय नो' हेही लिहून ठेवा.

त्याच कॉन्फिगमध्ये एसएफटीपी कशानं चालवायचं ते सांगणाऱ्या 'सबसिस्टम'च्या ओळीवर 'इंटर्नल-एसएफटीपी' आहे का, ते पाहा. ती सेवा एसएसएचडीच्या पोटातच चालते, लॉगिन शेलला विचारत नाही. म्हणजे गिट-शेल लावूनही तो युजर फाइली चढवू शकतो, हूक्स (पुशच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि ऑथोराइज्ड-कीज बदलू शकतो. तिथे बाहेरच्या एसएफटीपी-सर्व्हर प्रोग्रामचा पाथ द्या, मग ती विनंती गिट-शेलकडे जाते आणि नाकारली जाते.

बदल करताना स्वतःचं रूटचं एक सेशन उघडं ठेवा. कॉन्फिग आधी 'एसएसएचडी -टी'नं तपासा आणि मगच रीलोड करा. मग दुसऱ्या मशीनवरून क्लोन आणि पुश करून पाहा. त्यानंतर साधं लॉगिन, एसएफटीपी आणि बोगदा, तिन्ही करून बघा, आणि तिन्ही फसायला हवेत. रीलोडनं आधीची सेशन तुटत नाहीत, त्यामुळे उघडं राहिलेलं बॅश तसंच चालू राहतं. टीमला वेळ कळवून, पुश सुरू नसताना, गिट युजरच्या सगळ्या प्रोसेस बंद करा आणि त्याचा क्रॉनटॅबही (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडून पाहा, कारण ती कामं चालवणारं क्रॉन लॉगिन शेल वापरत नाही.