घरच्या स्टुडिओसाठी मिडी कीबोर्ड घेताना

घोडबंदर रस्त्यावरील वन-बीएचकेच्या एका कोपऱ्यात ज्यांचा स्टुडिओ आहे, त्यांनी मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकाला जोडून वाजवायचा कीबोर्ड, निवडण्याआधी टेबल टेपने मोजावे. कारण 88 पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण सव्वा मीटर लांब असतो आणि त्याच टेबलावर लॅपटॉप व स्पीकरही मावायचे असतात. पेटीवर हात बसलेल्यांना 49 पट्ट्या पुरतात, कारण पेटीलाही बहुधा तीन ते साडेतीन सप्तकेच असतात. दोन्ही हातांनी पियानो वाजवणाऱ्यांनी मात्र 61च्या खाली उतरू नये.

या उपकरणाला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी किती जोराने दाबली, हे ते संगणकाला 1 ते 127 या आकड्यांत कळवते; त्यामुळे दुकानातल्या स्पीकरचा आवाज ऐकून भुलण्यात अर्थ नाही. एकच पट्टी आधी अलगद, मग हळूहळू जोर वाढवत दाबावी आणि मधल्या पायऱ्या बोटाला साधतात का, हे पाहावे.

आपल्या संगीताच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पिच बेंडचे, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारे, चाक. सोडताच ते नेमके मध्यावर परतले पाहिजे, नाहीतर पुढचा प्रत्येक सूर किंचित कणसूर लागतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते मुळात दोन अर्धस्वरांपुरतेच, म्हणजे षड्जावरून शुद्ध ऋषभापर्यंतच, सूर सरकवते. गांधारापर्यंत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, हवी असल्यास ती मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये चार अर्धस्वरांवर न्यावी लागते. सस्टेन पेडल, म्हणजे पट्टी सोडल्यावरही सूर लांबवणारे पायाने दाबायचे पेडल, जोडायची खाचही मागे आहे ना, तेवढे बघून घ्यावे.