आधी चित्र पालथं करा

चित्रसंवर्धनाच्या पहिल्या वर्षी आम्हाला एका मळक्या व्यक्तिचित्राचा फोटो देऊन विचारलं होतं, ‘ही बाई कोण?’ मी तासभर चेहराच न्याहाळला, पुस्तकांतल्या चेहऱ्यांशी ताडून पाहिला आणि छातीठोकपणे चुकीचं नाव सांगितलं. चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो सरांच्या खणातच होता. मागितला कुणीच नाही!

पुढे पिट्सबर्गच्या कार्नेगी कलासंग्रहालयातलं प्रकरण वाचलं, तेव्हा चूक नीट उमगली. तिथे १९७८ साली आलेलं एक चित्र एलेओनोरा दी तोलेदोचं, म्हणजे सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या डचेसचं, आणि तिथला दरबारी चित्रकार ब्रॉन्झीनो याने काढलेलं मानलं जाई. चेहरा मात्र बाहुलीसारखा गुळगुळीत. क्युरेटर लुईस लिपिनकॉट यांना ते चक्क बनावट वाटलं. संग्रहातून काढण्याआधी त्यांनी ते संवर्धक एलन बॅक्स्टर यांच्याकडे तपासायला दिलं.

बॅक्स्टर यांना दिसलं की चित्र कॅनव्हासवर आहे, पण तडे लाकडी फळीवरच्या चित्राला जातात तसे. मागे शिक्का होता फ्रान्सिस लीडमचा. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये हा कारागीर जुन्या फळ्यांवरचा रंगाचा थर सोडवून कॅनव्हासवर चढवून द्यायचा. म्हणजे चित्र जुनंच असणार! मग एक्स-रे काढला. शिशाचा सफेदा, म्हणजे जुने चित्रकार वापरत तो पांढरा रंग, एक्स-रे अडवतो, त्यामुळे वरच्या रंगाखालचं मूळ काम उमटतं. आत दुसरीच बाई निघाली: वयाने मोठी, डोळ्यांखाली फुगवटे, जड हनुवटी, हातही थोराड. मागाहून कुणीतरी तिला ‘सुंदर’ केलं होतं. वरचा रंग काढल्यावर आणि इतर चित्रांशी ताडल्यावर नाव पुढे आलं इझाबेला दे मेदिची (१५४२–१५७६), म्हणजे एलेओनोराचीच मुलगी. जुना अंदाज घराण्यापर्यंत बरोबर पोचला होता, पिढीत चुकला. मला याचीच जास्त गंमत वाटते.

चित्रकाराचं नाव याहून अवघड. हे काम आता ब्रॉन्झीनोचा शिष्य आलेस्सांद्रो आलोरी याच्या नावे मांडतात, पण सहीसारखा पुरावा नसेल तर ‘आलोरीचं’ न लिहिता ‘आलोरीचं मानलं जाणारं’ असं लिहायचं. नवखे हे दोन शब्द खातात. अहवालात मीही खाल्ले होते, आणि लाल शाईत परत मिळाले.