केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच बसवल्यानंतरचे दोष कसे शोधावेत

जुन्या गाडीतील केबल काढून हायड्रॉलिक क्लच बसवला आणि तरीही तो नीट सुटत नसेल, तर बहुतेक जण पुन्हा पुन्हा ब्लीडिंग करतात, म्हणजे तेलातली हवा काढतात, आणि शेवटी मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाऊन तेल ढकलणारा) बदलतात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की कोणताही भाग बदलण्यापूर्वी क्लचचा फोर्क (क्लच सोडवणारा दांडा) प्रत्यक्षात किती सरकतो हे मोजावे. अशा कामात वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र येतात. ते नवे असले तरी त्यांची मापे एकमेकांना जुळतीलच असे नाही.

गाडी सपाट जागी, चाकांना अडसर लावून, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून उभी करावी; खाली जायचे असल्यास ती केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता स्टँडवर टेकवावी. मदतनिसाला पेडल पूर्ण दाबायला सांगून स्लेव्ह सिलिंडरचा (मास्टरकडून आलेल्या तेलाने फोर्क हलवणारा) पुशरॉड किती मिलिमीटर सरकतो ते पाहावे आणि मास्टरच्या पिस्टनची चालही मोजावी. मास्टरच्या व्यासाला स्लेव्हच्या व्यासाने भागून, आलेल्या संख्येचा वर्ग करून, त्याला मास्टरच्या चालीने गुणले की स्लेव्हची अपेक्षित चाल मिळते. उदाहरणार्थ, १९.०५ मिमी व्यासाचा मास्टर, २२.२ मिमीचा स्लेव्ह आणि ३० मिमीची चाल असेल तर स्लेव्ह सुमारे २२ मिमी सरकायला हवा. त्याच जागी १५.८७ मिमीचा मास्टर असेल तर जेमतेम १५ मिमी मिळतात.

मोजलेली चाल हिशेबाइतकीच असेल आणि तरीही गिअर टाकताना कडकड आवाज येत असेल, तर हायड्रॉलिक यंत्रणा आपले काम करत आहे. कमतरता सिलिंडरांच्या निवडीत, पेडलच्या गुणोत्तरात किंवा फोर्कच्या कोनात आहे. मास्टर मोठा घेतल्यास चाल वाढते, पण पेडलही त्याच प्रमाणात जड होते. वरच्या उदाहरणात १५.८७ ऐवजी १९.०५ मिमीचा मास्टर घेतल्यास ही वाढ सुमारे ४४ टक्के आहे, म्हणून मास्टर बदलण्याआधी पेडल पूर्ण खाली जाते का आणि गालिचा किंवा एखादा ब्रॅकेट त्याला मध्येच अडवतो का, हे तपासावे.

मोजलेली चाल हिशेबापेक्षा कमी भरली, तर ती कुठेतरी वाया जात आहे. दोन-तीनदा पेडल मारल्यावर क्लच सुधारत असेल, तर पहिला संशय हवेवर घ्यावा. ब्लीडर निपल (हवा काढण्याची तोटी) स्लेव्हच्या सर्वांत वरच्या बाजूला आहे ना आणि मास्टरपासून निघालेल्या नळीला मध्येच वर उंचवटा तर नाही ना, हे पाहावे. अशा उंचवट्यात अडकलेली हवा नेहमीच्या ब्लीडिंगने सहसा निघत नाही. पेडल दाबून धरले असताना क्लच हळूहळू पकडू लागला आणि बाहेर गळती दिसली नाही, तर मास्टरचे आतील सील तेल मागे सोडत आहे. याखेरीज फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा, ज्यावर मास्टर बसतो) अवश्य लक्ष द्यावे: जुना पातळ पत्रा केबलच्या वेगळ्या ताणासाठी बनवलेला असतो आणि मास्टरच्या दाबाने तो डोळ्यांना दिसेल इतका वाकू शकतो. तिथे जाड प्लेट लावून तो भक्कम करावा. स्लेव्हचा ब्रॅकेट गिअरबॉक्सलाच घट्ट असावा. तो बॉडीला जोडला तर इंजिन माउंटिंगवर हलले की चाल बदलते. केबल फोर्कला ओढत असे आणि नेहमीचा स्लेव्ह ढकलतो, त्यामुळे तो फोर्कच्या योग्य बाजूला आहे की नाही हेही पाहावे.

क्लच घसरू लागला, विशेषतः इंजिन तापल्यावर, तर तपासणीची दिशा उलटी होते. पेडल सोडल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे, कारण तेव्हाच टाकीकडचे बारीक छिद्र उघडे राहते. पुशरॉडला थोडाही मोकळा खेळ नसेल तर ते छिद्र बंद राहते, तापून फुगलेल्या तेलाला परतीची वाट मिळत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. ब्लीडर निपल क्षणभर ढिला केल्यावर क्लच पुन्हा पकडू लागला, तर अडकलेला दाब हेच कारण समजावे. ड्रम ब्रेकसाठीचा मास्टर वापरला असेल, तर त्यातील शिल्लक दाब राखणारा व्हॉल्व्हही हाच दोष निर्माण करतो.

तेल सीलला मानवणारेच असावे. डॉट ३ किंवा डॉट ४ तेलासाठी बनवलेले रबर खनिज तेलाने फुगून निकामी होते, आणि डॉट ३ किंवा ४ ब्रेक तेल रंगावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

सर्व जुळल्यावर रिलीज बेअरिंगचा (फोर्कने सरकून क्लचच्या प्रेशर प्लेटला दाबणारे) प्रकार पाहावा. जुन्या कार्बन बेअरिंगला प्रेशर प्लेटपासून अंतर लागते, म्हणून स्लेव्हच्या आतील स्प्रिंग ते सतत टेकवून ठेवत असेल तर फोर्कला परतीची स्प्रिंग लावावी. शेवटी पेडलला स्टॉप बसवावा: क्लच पूर्ण सुटल्यानंतर पेडल थोडेसेच पुढे जाऊ द्यावे, कारण त्यापलीकडची चाल डायफ्रॅमच्या (प्रेशर प्लेटमधील स्प्रिंगच्या) पात्यांना आणि स्लेव्हच्या सीलला इजा करते.