‘सगळ्यांसाठी’ सॉफ्टवेअर लिहिताय? या चुका टाळा

मुक्त स्रोत (ज्याचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो अशा) प्रकल्पाच्या रीडमीत, म्हणजे ओळख करून देणाऱ्या पहिल्या पानावर, ‘हे सगळ्यांसाठी आहे’ असं दिसलं की मी तिथेच अर्धी आशा सोडतो. आमच्याही रीडमीत तेच होतं.

फोंड्यात बसून आम्ही चौघांनी गावच्या वाचनालयांच्या देवघेवीसाठी छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. पुस्तक परत आल्याची तारीख संगणकच टाकेल, हाताने बदलता येणार नाही, हे मीच ठरवलं. नोंदी चोख राहाव्यात म्हणून. सत्तरी तालुक्यातल्या एका वाचनालयात ते बसवलं. जूनमध्ये तिथे चार दिवस वीज नव्हती. ग्रंथपालबाईंनी वहीत नोंदी ठेवल्या आणि वीज आल्यावर एका बैठकीत चढवल्या. झालं! वेळेत पुस्तकं आणून देणाऱ्यांच्याही नावावर दंड. एक निवृत्त मास्तर आठ रुपयांसाठी अर्धा तास टेबलापाशी उभे. बाईंचा फोन आला, “भाऊ, तुमच्या कॉम्प्युटराक पावस खबर ना?”

दुरुस्ती दोन ओळींची होती. पण आपण कोणासाठी लिहितोय, हे मी कधी कागदावर उतरवलंच नव्हतं. आता पहिल्या पानावर आहे: एकटी ग्रंथपाल, जुना संगणक, बेभरवशाची वीज, समोर रांग. नवं फीचर सुचलं की विचारतो, रांग लांबेल का? लांबणार असेल तर पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोणी पाठवलेली कोडमधली सुधारणा, बंद, मग ती कितीही देखणी असो.

इश्यू, म्हणजे तक्रार किंवा सूचना, टाकणाऱ्यालाच वापरकर्ता समजू नका. डार्क थीमवर आमच्याकडे तावातावाने भांडलेल्यांपैकी एकानेही वाचनालय चालवलेलं नव्हतं. हे इश्यू जिथे टाकतात त्या गिटहब साइटवर बाईंचं तर खातंच नाही. म्हणून मी महिन्यातून एकदा त्यांच्या काउंटरमागे स्टूल टाकून तोंड मिटून बसतो. नवशिक्यांना एवढा धीर कुठला? त्यांना एआयकडून दहा मिनिटांत पाच पर्सोना, म्हणजे नमुन्यादाखल बेतलेले वापरकर्ते, हवे असतात, फोटोसकट. ‘सविता, वय 34, चहा आवडतो.’ त्या चहाने कोडमधला कुठला निर्णय बदलतो? सॉफ्टवेअर डिझायनर अ‍ॅलन कूपरने 1983 मध्ये पहिला पर्सोना बेतला, तोही ओळखीच्या माणसांशी बोलूनच.

स्वतःसाठी लिहीत असाल तर तसं सांगून टाका. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी; नवख्यांची त्यात तारांबळ उडते ती उगाच नाही.

आणि कोणासाठी नाही, तेही लिहा. कॉलेजचं मोठं ग्रंथालय आलं की आम्ही सरळ ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो. तेही 2000 साली सुरू झालं ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेपुरतंच.