पक्ष मुरलेला आहे की कच्चा, कसं ओळखायचं

भाचीने एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलंय. परवा इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे खाता खाता म्हणाली, मावशी, जुन्या लोकशाहीतल्या आणि नव्या लोकशाहीतल्या पक्षांच्या संघटनेत फरक काय, दोन ओळीत सांग. दोन ओळीत कसलं डोंबल! पण कुठलाही देश समोर आला की काय काय तपासायचं ते सांगितलं, तेच इथे टाकतेय, परीक्षेवाल्यांना कामाला येईल.

पक्षाचं नुसतं वय बघू नका. आधी काय आलं ते बघा, संघटना की मताचा हक्क. ब्रिटनमध्ये कामगार संघटना आणि समाजवादी मंडळींनी मिळून १९०० मध्ये लेबर पक्षाची सुरुवात केली तेव्हा कितीतरी कामगारांना मताचा हक्कच नव्हता, सगळ्या पुरुषांना तो मिळाला १९१८ ला. म्हणजे सत्ता नाही, पैसा नाही, टीव्ही तर नाहीच नाही, मग करणार काय, माणसं जमवा, वर्गणी घ्या, गावोगाव शाखा काढा. पोलंड-हंगेरीत उलटं झालं, १९८९-९० ला साम्यवादी राजवट गेली आणि मत, टीव्ही, संसदेतल्या जागा, सरकारी पैसा, सगळं थोड्याच वेळात हाताशी आलं. मग दारोदार फिरून सदस्य कोण करणार? बरेचसे पक्ष राजधानीत आधी तयार झाले आणि शाखा नंतर शोधत बसले.

मग पैसा बघा. आपल्याकडे गल्लीतल्या गणपतीचं कसं असतं, पोरं पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात त्या मंडळात हिशोब विचारणारे पन्नास निघतात, आणि एकच भिया, म्हणजे गल्लीतला दादा, सगळा खर्च उचलतो तिथे आरतीचं ताटही त्याच्याच हातात. पक्षाचंही तेच. जर्मनीने तर कायद्यातच घातलंय की पक्षाने स्वतः जमवलं त्याहून जास्त सरकारी अनुदान मिळणार नाही, म्हणजे सदस्यांना विसरून भागतच नाही. तिकडे उमेदवारही सदस्यांनी नाहीतर त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने निवडायचा असतो, वरून यादी आली आणि संपलं असं नाही.

नेता गेला तर पक्ष उरतो का, हे मला सगळ्यात मजेशीर वाटतं. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या, तीन निवडणुका जिंकलेल्या, तरी १९९० मध्ये त्यांच्याच खासदारांनी त्यांना घरी बसवलं आणि पक्ष पुढे चालत राहिला. हंगेरीचा फिडेस १९८८ ला निघाला तेव्हा तरुणांचा पक्ष, पस्तिशीपुढच्यांना प्रवेशच नव्हता, १९९३ ला ती अट गेली, त्याच वर्षी त्यांचे नेते ओर्बान पक्षाचे अध्यक्ष झाले, आणि मधली तीनेक वर्षं सोडली तर पुढेही कितीतरी वर्षं अध्यक्ष तेच. दक्षिण कोरियात तर अजून गंमत, तिथल्या मोठ्या उजव्या पक्षाने २०१२ ते २०२० मध्ये चार वेळा नाव बदललं, पाट्या रंगवणाऱ्याची चांदी!

आता इथे पोरं फसतात. नवी लोकशाही म्हणजे कच्चा पक्ष असं सरसकट लिहू नका. ब्राझीलचा वर्कर्स पार्टी १९८० चा, पण कारखान्यातल्या संपांतून आलेला, म्हणून त्याला बूड आहे. आणि आपलं काय? १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना झाली, चार आण्यात सदस्य, भाषेप्रमाणे प्रांत समित्या, तेव्हा मताचा हक्क मूठभरांनाच होता. देशात लोकशाही आली त्याच्या आधी संघटना तयार! पण मुरलेलं लोणचंही उघडं टाकलं की बुरशी धरतंच, काँग्रेसमध्ये १९७२ नंतर पक्षांतर्गत निवडणुका झाल्या त्या थेट नव्वदीच्या सुरुवातीला.

जुन्यांचंही सगळं आलबेल नाहीये हं. ब्रिटनचा कन्झर्व्हेटिव्ह पक्ष १९५० च्या दशकात २८ लाख सदस्य सांगायचा, २०२४ ला नेता निवडताना मतदार होते सुमारे १ लाख ३१ हजार. म्हणजे जुने हळूहळू नव्यांसारखे व्हायला लागलेत.

स्वतः बघायचं असेल तर निवडणूक नसलेल्या वर्षी, साध्या मंगळवारी, आपल्या वॉर्डातल्या कुठल्याही पक्षाच्या ऑफिसवरून चक्कर मारा. शटर उघडं आहे का आणि आत कुणी रजिस्टर घेऊन बसलंय का, एवढंच बघायचं. भाची जाऊन आली, शेजारच्या पानवाल्याने तिला विचारलं, चुनाव आहे का काही?